केसरबाईचं बोट आणि कवडीचं खुराडं

निवळेवाडी नावाच्या लहानशा गावात केसरबाई राहायची. मनानं वाईट नव्हती हो, पण आपल्या स्वच्छतेची तिला भारी घमेंड. तिचं अंगण असं सारवलेलं असायचं, की त्यावर थेट भाकरी वाढून घ्यावी. शेवग्याचं पान पडलं की ती ते उचलायची, आणि पान पाडल्याबद्दल शेवग्यालाही दोन शब्द सुनावायची. तिचा नवरा लक्षिमन शेतातून आला की फाटकाशीच पाय धुवायचा. मग ओल्या पायांचे ठसे सारवणावर उमटायचे आणि त्याबद्दल तो बोलणी खायचा. बिचारा अंगणात टाचांवर चालायला शिकला होता.

केसरबाईच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला साऱ्या गावातल्या बायका घाबरायच्या. हळदीकुंकवाला कुणाकडे गेली की कुंकू लावून घेता घेता तिचं ते बोट हळूच उतरंडीतल्या मडक्यांमागून फिरायचं. मग ते उजेडात धरून ती म्हणायची, "अगंबाई, धूळ!" एवढंच म्हणायची. पण त्या घरच्या बाईला मग घशाखाली घास उतरायचा नाही.

अंगणाच्या कडेला केसरबाईच्या कोंबड्यांचं खुराडं होतं. लाकडी, उंच पायांचं, बाहेरून गेरूनं रंगवलेलं. गेरूवर चुन्यानं काढलेली वेलबुट्टी, दाराला मण्यांचं तोरण. येणाराजाणारा थांबून बघायचा आणि म्हणायचा, "माणसांची घरं नसतात अशी!" हे ऐकलं की केसरबाई पदर सावरून उगाच एकदा अंगणात फेरी मारायची. खुराड्याच्या आत मात्र ती दारातून झाडू पोचेल तेवढंच झाडायची. आतली कोंबड्यांची बसायची दांडी, दांडीच्या टोकाच्या खाचा, फळ्यांमधल्या फटी, तिकडे कुणाची नजर जात नव्हती. मग तिचीही जात नव्हती.

कुंपणापलीकडे गोजराबाई राहायची. अंगानं दणकट, आणि आवाज त्याहून दणकट. तिचं अंगण म्हणजे सगळा पसारा. चुलीतली राख ती रोज अंगणातल्याच एका खड्ड्यात ओतायची. उन्हं तापली की तिच्या कोंबड्या त्या खड्ड्यात पसरायच्या, पंख फुलवायच्या, तंगड्या ताणायच्या आणि डोळे मिटून लोळायच्या. उठून अंग झाडलं की राखेचा हा एवढा ढग! तो वाऱ्याबरोबर थेट केसरबाईच्या सारवणावर यायचा.

"गोजरा, कोंबड्या पाळल्यास की गाढवं?" केसरबाई कुंपणावरून ओरडायची. "लोळतायत बघ कशा!"

"अंघोळ चाललीय त्यांची."

"राखेनं कुणी अंघोळ करतं का?"

"तुझी भांडी कशानं घासतेस गं, केसर? अत्तरानं?" असं म्हणून गोजरा एवढ्या मोठ्यानं हसायची की झाडावरचे कावळे उडायचे.

केसरबाईच्या कोंबड्यांनाही लोळायची हौस होतीच. त्या पायानं उकरून अंगणात एखादा खळगा करायच्या. पण खळगा झाला की केसरबाई धावलीच. माती भर, शेणकाला फिरव, वरून रांगोळीची चार बोटं. कोंबड्या बाजूला उभ्या राहून माना वाकड्या करून बघत बसायच्या.

त्या वर्षी केसरबाईची लेक वेणू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी झाली, गोरीगोमटी, आवाज अगदी आजीसारखा. आता महिन्याभरात वेणूला सासरी पोचवायचं होतं. आणि निवळेवाडीची एक रीत होती. लेक पहिलं बाळ घेऊन सासरी निघाली की आईनं तिच्याबरोबर पिल्लांची कोंबडी द्यायची, डालग्यात घालून. बाजारातली नाही चालायची. आईच्या कोंबडीची अंडी, आईच्या कोंबडीनं उबवलेली. सासरचं अख्खं गाव वेशीवर डालगं बघायला यायचं. रिकामं डालगं घेऊन गेलेल्या लेकीला सासरी जन्मभर ऐकावं लागायचं, "हिच्या आईकडे एक कोंबडी धड बसली नाही!"

केसरबाईला काळजी नव्हती. तिची कवडी नावाची ठिपक्याठिपक्यांची कोंबडी नेमकी खुडूक झाली होती, अंडी उबवायला बसायच्या बेतात. केसरबाईनं खुराड्याच्या कोपऱ्यात टोपलीत पेंढा घातला, निवडून अंडी ठेवली आणि कवडीला त्यावर बसवलं. कवडी फुगून बसली. केसरबाई त्याहून फुगली.

त्याच आठवड्यात ती बाजारातून एक कोंबडा घेऊन आली. काय त्याचा तुरा, काय त्याची शेपूट! तिनं त्याला आल्या आल्या खुराड्यात सोडायला घेतलं.

कुंपणावरून गोजराचा आवाज आला, "अगं केसर, नवा पाहुणा आहे. चार दिवस डालग्याखाली वेगळा ठेव. पंखांखालची पिसं उलटून बघ. अंगावर काय घेऊन आलाय, कुणाला ठाऊक?"

"तुझ्याकडे येणारे घेऊन येत असतील," केसरबाई म्हणाली. "माझा कोंबडा आरशासारखा आहे." आणि तिनं दार उघडून त्याला आत सोडलं.

थोडे दिवस गेले. एका संध्याकाळी केसरबाईच्या कोंबड्या खुराड्यात जाईनात. दारापर्यंत यायच्या, आत डोकावायच्या आणि मागं फिरायच्या. शेवटी एकेक करून शेवग्यावर चढून बसल्या. "माजल्यात!" असं म्हणून केसरबाईनं त्यांना काठीनं खाली उतरवलं आणि आत कोंबलं. मग अंडी कमी झाली. लालभडक तुरे फिकटले, जुन्या लुगड्यासारखे विटके दिसायला लागले. केसरबाईच्या हातावर कोपरापर्यंत बारीक पुरळ उठलं. ती म्हणाली, उन्हाळा बाधला.

"एकदा खुराडं आतून बघावं का?" लक्षिमननं भीत भीत विचारलं.

"माझं खुराडं?" केसरबाई अशी गर्रकन वळली, की तो टाचांवरच दोन पावलं मागं सरला. "नजर लागलीय! सगळं गाव येऊन बघून जातं ना!"

तिनं खुराड्यावर लिंबू-मिरची टांगली. बाहेरून गेरूचा आणखी एक हात दिला. वेलबुट्टीत दोन मोर वाढवले. मोर फार सुरेख आले, हे कबूल करायला हवं.

आणि मग एके दिवशी दुपारी ती अंडी बघायला गेली, तर टोपलीत अंडी होती आणि कवडी नव्हती.

खुडूक कोंबडी दाण्यापाण्याला उठते, पण लगेच परत येते. केसरबाईनं अंड्यांना हात लावला. ऊब होती अजून, पण उतरत चालली होती. तिनं घर पालथं घातलं, गोठा पालथा घातला. वेणू लेकीला छातीशी धरून दारात आली आणि म्हणाली, "आई, आता गं काय?" वेणूचा तो चेहरा बघून केसरबाईला रडूच फुटायला आलं. तेवढ्यात कुंपणापलीकडून ओळखीचं कुरकुरणं ऐकू आलं.

गोजराच्या राखेच्या खड्ड्यात कवडी लोळत होती! अंग घुसळत होती, मान राखेत रगडत होती, जणू जन्मात पहिल्यांदा सुख मिळालं होतं.

केसरबाईचं रडू जिथल्या तिथं आटलं आणि राग मस्तकात गेला. "गोजरे! माझी खुडूक कोंबडी फितवलीस! माझ्या लेकीचं डालगं रिकामं जावं असं मनात होतं ना तुझ्या?"

आवाज ऐकून आळीतल्या बायका गोळा झाल्या. गोजरा हातातलं सूप खाली ठेवून बाहेर आली.

"फितवायला माझ्याकडे आहे काय, बाई? राख!" ती म्हणाली. "अंड्यावरची कोंबडी उगाच उठत नाही. तिला तिथं कुणीतरी छळतंय."

"माझ्या खुराड्यात? चला, चला सगळ्या! बघाच एकदा माझं खुराडं!"

सगळ्या गेल्या. न जाऊन राहतील कशा! खुराडं उन्हात झळकत होतं. मोर डौलात उभे होते. केसरबाईनं दोन्ही हात पसरून दाखवलं, "कुठं आहे घाण? दाखवा!"

गोजरा खुराड्याभोवती एक फेरी मारून आली. मोरांकडे बघून "छान आलेत हं," असंही म्हणाली. मग म्हणाली, "केसर, मी कशाला हात लावू? बोट तुझंच, खुराडंही तुझंच. आतल्या दांडीच्या खालच्या अंगानं फिरव की एकदा."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. केसरबाईनं नाक मुरडलं, पदर खोचला, खुराड्याचं दार उघडून हात आत घातला आणि ते सुप्रसिद्ध बोट दांडीच्या खालून, टोकाच्या खाचेपर्यंत फिरवलं. मग सवयीप्रमाणे उजेडात धरलं.

बोट लाल झालं होतं. रक्ताचं लाल. आणि त्या लालीत मोहरीच्या दाण्याहूनही बारीक असे किडे वळवळत होते. काही चिरडले होते, काही बोटावरून मनगटाकडे निघाले होते. बघता बघता बांगड्यांपर्यंत पोचले.

केसरबाईनं हात झटकून किडे पाडले. मग ते बोट परत डोळ्यांजवळ धरलं. म्हणजे हातावरचं पुरळ उन्हाचं नव्हतं. कोंबड्या माजल्या नव्हत्या, आणि नजरही कुणाची लागली नव्हती. दिवसभर हे किडे फटीत दडून बसत होते आणि अंधार पडला की बाहेर येऊन कोंबड्यांचं रक्त पीत होते. बिचाऱ्या आत जायला नको म्हणत होत्या, आणि आपण काठीनं कोंबत होतो! कवडी तर अंड्यांना सोडायचं नाही म्हणून दिवसरात्र त्यातच बसून होती. केसरबाईचा जीव कळवळला.

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "अगंबाई, धूळ!" आणि हशा पिकला. ज्यांच्या उतरंडी त्या बोटानं पाहिल्या होत्या, त्या बायका पोट धरून हसल्या.

"हसा, हसा, पण उद्या!" गोजराचा आवाज कडाडला. "अंडी गार व्हायला लागलीत. केसर, काय करायचं ते आत्ता कर. माझ्या चुलीजवळचा कोपरा मोकळा आहे."

केसरबाईनं बायकांकडे पाहिलं, मग गोजराच्या त्या राखाळ अंगणाकडे. तिथं आपण जन्मात पाय ठेवणार नाही, असं ती गावभर सांगत आली होती. पण तिनं दारात उभ्या वेणूकडे पाहिलं आणि पुढं काही विचार केला नाही. एकेक अंडं पदरानं पुसलं, उजेडात धरून किडा नाही ना ते बघितलं, ओटीत घेतलं आणि पोटाशी धरून निघाली. बायका आपोआप बाजूला झाल्या. गोजराचं अंगण ओलांडताना तिच्या पायांना राख लागली, ती तिनं झटकलीसुद्धा नाही.

गोजराच्या चुलीजवळचा कोपरा बघून केसरबाई चक्रावली. बाहेर तेवढा पसारा आणि इथं भिंतीला एक भेग नाही, सगळ्या चुन्यानं बुजवलेल्या. गोजरानं नवी टोपली घेतली. तळाला चाळलेली राख, तिच्यावर कोरडा पेंढा, मधे निरगुडीची पानं. "या वासाला किडे टेकत नाहीत," ती म्हणाली. मग अंगावरचे किडे मरावेत म्हणून कवडीला उलटी धरून पंखांखाली, शेपटीखाली चिमटीचिमटीनं राख चोळली. कवडी ओरडली नाही, उलट मान सैल सोडून मजेत पडून राहिली.

अंडी टोपलीत ठेवली आणि कवडीला सोडलं. ती टोपलीभोवती फिरली. आत डोकावली आणि मागं सरली. वेणूनं आईचा दंड घट्ट धरला. कवडी परत पुढं आली, चोचीनं पेंढा उलटापालटा केला, खाली, बाजूला, कोपऱ्यात नीट बघितलं. आपल्या मालकिणीपेक्षा शहाणी झाली होती ती. मग अंग फुगवलं, अंड्यांवर हळूच बसली आणि "कुर्र" केलं.

"बसली!" गोजरा ओरडली. केसरबाई हसता हसता रडली, आणि रडता रडता तिनं गोजराला मिठी मारली. लुगडं राखेनं माखलं ते वेगळंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी केसरबाईच्या अंगणात नुसती धांदल उडाली. जुना पेंढा जाळला. दांड्या काढल्या, उकळत्या पाण्यानं धुतल्या आणि उन्हात टाकल्या. फटीफटीत चुना भरला. दांड्यांच्या टोकांना करंजाचं तेल चोपडलं. तो नवा कोंबडा डालग्याखाली गेला, सगळ्या कोंबड्यांची पिसं उलटून राख चोळून झाली. हसणाऱ्या बायकाच पाणी तापवायला आल्या होत्या, आणि हसणं अजून चालूच होतं. सगळं झाल्यावर केसरबाई हुश्श करून बसली, तर गोजरा म्हणाली, "आठवड्यानं हेच परत."

"परत? कशाला?"

"किडे मेले, त्यांची अंडी राहिली असतील. आणि त्यानंतरही दर आठवड्याला दांडीखाली बोट फिरवायचं. ते तुला शिकवायला नको."

आता उरला राखेचा खड्डा. केसरबाईनं लक्षिमनच्या हातात कुदळ दिली, सारवलेल्या अंगणाच्या कडेला शेवग्याखाली बोट दाखवलं आणि डोळे मिटून घेतले. लक्षिमननं इतक्या आनंदानं आयुष्यात कधी खणलं नव्हतं. खणून झाल्यावर तो पूर्ण पाऊल टेकवून, चिखलाच्या पायांनी, अंगणातून सरळ चालत गेला. केसरबाईनं ते पाहिलं, आणि पाहून गप्प बसली.

ठरल्या वेळी अंडी फुटली. दोनतीन वाया गेली, पण बाकीच्यांतून पिवळे, काळे, ठिपकेदार गोळे बाहेर आले आणि गोजराच्या चुलीजवळ चिवचिवाट सुरू झाला. वेणूची लेक तो आवाज ऐकून खुदकन हसली. ते तिचं पहिलं हसू.

वेणूच्या पाठवणीच्या दिवशी सगळी आळी वेशीवर जमली. डालग्यात कवडी आणि तिची पिल्लं. वेणूच्या सासरहून तिची आजेसासू न्यायला आली होती, नजरेची मोठी पक्की. तिनं डालग्यात वाकून पाहिलं, पिल्लू उचलून पंखाखाली पाहिलं आणि मान डोलावली. "काय गुटगुटीत आहेत! विहीणबाई, तुमच्याच खुराड्यात उबवलीत ना?"

सगळ्या बायका केसरबाईकडे बघायला लागल्या. केसरबाईनं नुसती मान हलवली असती तरी काम झालं असतं. गोजरासुद्धा आभाळाकडे बघत उभी होती, काही बोलणार नव्हती. कोंबडी केसरबाईची, अंडी केसरबाईची. रीत काही मोडत नव्हती.

"नाही," केसरबाई म्हणाली. "कोंबडी माझी, पण माझं खुराडं किड्यांनी भरलं होतं. मी बाहेरून मोर काढत बसले, आत बघितलंच नाही. पिल्लं जगली ती या गोजराच्या राखेमुळं."

आजेसासूनं पिल्लू परत डालग्यात ठेवलं. मग म्हणाली, "एवढं खरं बोलणाऱ्या आईची पोर आमच्या घरात आली. डालगं उचला रे!"

तेवढ्यात केसरबाई धावली आणि एक गाठोडं वेणूच्या हातात दिलं. लाडू असतील म्हणून वेणूनं सोडून पाहिलं, तर चाळलेली राख आणि निरगुडीची पानं. "सासरी पोचलीस की आधी खुराड्याची दांडी उलटून बघ," केसरबाई म्हणाली. "देवाला नमस्कार केलास की लगेच." सगळी वेस हसली, केसरबाई सर्वांत मोठ्यानं.

तेव्हापासून हळदीकुंकवाला गेली तरी केसरबाईचं बोट कुणाच्या उतरंडीमागं फिरलं नाही. दर आठवड्याला ते आधी आपल्याच खुराड्याच्या दांडीखाली फिरतं. मग ती कुंपणापाशी जाऊन बोट वर धरते. "बघ गं गोजरा!"

गोजरा डोळे बारीक करून बघते, आणि म्हणते, "कोरडं आहे!" मग दोघी हसतात. शेवग्याखाली कोंबड्या राखेत लोळत असतात, आणि दिवस मावळला की न हाकलता, न ओरडता, आपल्या पायांनी खुराड्यात जातात.

तात्पर्य: जिथं कुणाची नजर जात नाही, ते आपलं आपण आधी तपासावं, आणि चूक आढळली तर ती लपवायला वरून रंग न देता मोकळ्या मनानं कबूल करून नेमानं काळजी घ्यावी.